वर्गात उगवलेला तारा

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की वसईच्या गावठाणांत, वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांत आणि गोव्यातल्या घरांच्या सोप्यांवर कागदी तारे दिसू लागतात. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर गेलेला असतो, तोच शेजारच्या दारात हा नवा दिवा लागतो. बांबूच्या कामट्या तशाच, पतंगाचा कागद तसाच, डिंक किंवा खळही तशीच. फरक आकाराचा आणि गोष्टीचा. बेथलेहेमच्या आकाशात दिसलेला तारा आणि त्याच्या मागोमाग पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, ही ती गोष्ट.

पण जगभर नाताळात टांगल्या जाणाऱ्या ताऱ्यांमधला सगळ्यात देखणा तारा ना चर्चमध्ये जन्मला, ना बाजारात. तो जन्मला शाळेत, भूमितीच्या तासाला.

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंडच्या सीमेजवळ नीस्की नावाचं छोटं गाव आहे. तिथे मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची मुलांची निवासी शाळा होती. या पंथाची माणसं धर्मप्रसारासाठी ग्रीनलंडपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पांगलेली असत. आपल्याकडेही 1850च्या दशकात ती हिमाचलच्या लाहौलमध्ये केलाँगला पोचली होती आणि पुढे लडाखमध्ये लेहला. असे आईबाप जगाच्या दुसऱ्या टोकाला आणि पोरं वसतिगृहात, हा तिथला रिवाज. त्यात नीस्कीचा डिसेंबर म्हणजे दुपारी चारच्या आत सूर्य मावळणार. अशा वसतिगृहातली संध्याकाळ किती लांबत असेल, ते होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शाळेतल्या एका गणिताच्या शिक्षकाने मुलांना कागदाचा तारा करायला लावला. सजावट म्हणून नव्हे, धडा म्हणून. घनाकृती फळ्यावर कितीही सुंदर काढली तरी ती चपटीच राहते. तिचं पृष्ठ, कडा, शिरोबिंदू ही बोटांना लागल्याशिवाय डोक्यात शिरत नाहीत. तेव्हा कागद कापा, दुमडा, चिकटवा आणि मोजा.

आज घराघरांत दिसणारा मोरेव्हियन तारा घेतला तर त्याच्या पोटात एक घनाकृती दडलेली असते. तिला 26 पृष्ठं: 18 चौरस आणि 8 समभुज त्रिकोण. प्रत्येक पृष्ठावर एक निमुळता सुळका बसवायचा. चौरसावर चार बाजूंचा, त्रिकोणावर तीन बाजूंचा. वरचा एक चौरस मात्र मोकळा सोडायचा, कारण तिथून दिवा आत जाणार आणि तिथूनच तारा टांगला जाणार. उरले 17 चौकोनी सुळके आणि 8 त्रिकोणी, एकूण 25. या आकृतीला शिरोबिंदू 24 आणि कडा 48. शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठं मिळवली की उत्तर येतं 2. ठोकळा घेतला तरी 2, पिरॅमिड घेतला तरी 2. स्विस गणिती ऑयलरचा हा नियम दहा वर्षांच्या मुलाला नावानिशी ठाऊक असण्याची गरज नाही. पण तीन वेगवेगळ्या खोक्यांवर बोट ठेवून मोजल्यावर तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, की पोर मान वर करून बघतं. शिक्षकाची खरी कमाई ती तेवढी.

नीस्कीच्या मुलांनी पुढे हा पायंडाच पाडला. नाताळआधीच्या चार आठवड्यांना मराठी ख्रिस्ती समाज आगमनकाळ म्हणतो. त्याच्या पहिल्या रविवारी मुलं तारे करायला बसत. शाळा सोडून गेलेली मुलं ही कला आपापल्या घरी घेऊन गेली. त्यातल्याच फेरबेक नावाच्या एका माजी विद्यार्थ्याने हेर्नहूट गावात पुस्तकांचं दुकान काढलं आणि तिथे तारे आणि ते बनवायची कृती विकायला सुरुवात केली. पुढे त्याच्या मुलाने कारखाना उभारला. हेर्नहूटचा तारा हे आज जर्मनीत एक मोठं नाव आहे आणि त्याची जाहिरात 1897 या सालानिशी केली जाते. भूमितीचा गृहपाठ कारखान्यापर्यंत गेल्याचं दुसरं उदाहरण सहज आठवत नाही.

आपल्याकडच्या चौथीच्या वर्गाला 26 पृष्ठांची उडी एकदम झेपणार नाही, आणि झेपवायचीही गरज नाही. कार्यानुभवाच्या तासाला कार्डशीटचा साधा घन करावा. सहा पृष्ठं, त्यातलं वरचं दिव्यासाठी, पाच पृष्ठांवर पाच सुळके. एवढ्यावरही मुलं अडतात ते एकाच जागी: सुळक्याच्या चारही त्रिकोणांचा पाया घनाच्या बाजूएवढाच हवा, नाहीतर सांध्यातून उजेड गळतो. पाया 6 सेंटिमीटर असला पाहिजे आणि कुणीतरी साडेसहा कापलेला असतो. ती अर्धा सेंटिमीटरची फट पट्टीच्या अचूक वापराबद्दल जे शिकवते, ते स्वाध्यायाच्या दहा प्रश्नांना जमत नाही. (चिकटवण्यासाठी कडेला ठेवायची पट्टी विसरणारेही वर्गात हमखास दोघे-तिघे निघतात. त्यांना दुसरा कागद द्यावा, रागवू नये.)

नाताळ आणि शाळा यांचं नातं असं उलट्या दिशेनेही वाहतं, हे सहसा ध्यानात येत नाही. सण आला म्हणून शाळेत उपक्रम घ्यायचा, एवढंच आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात सणाच्या कितीतरी वस्तू शिक्षकांनी मुलांसाठी शोधून काढल्या आणि मग त्या सणाच्या झाल्या.

हॅम्बुर्गचं उदाहरण घ्या. योहान हिनरिख विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने तिथे 1833 साली निराधार आणि उनाड ठरवलेल्या मुलांसाठी राउहेस हाउस ही संस्था सुरू केली. डिसेंबर आला की ही मुलं रोज विचारून भंडावून सोडत, नाताळ कधी? उत्तर देऊन देऊन थकलेल्या विखर्नने 1839 साली एक गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या उभ्या केल्या. वीस छोट्या लाल, चार मोठ्या पांढऱ्या. आठवड्याच्या साध्या दिवशी एक लाल पेटवायची, रविवारी एक पांढरी. सगळ्या पेटल्या की नाताळ आला. कधी, हे विचारायलाच नको, चाकाकडे बघा आणि मोजा.

वीस आणि चारच का? इथे एक झकास गणित दडलंय. आगमनकाळाचा पहिला रविवार 1839 साली नेमका 1 डिसेंबरला होता. तिथून 24 तारखेपर्यंत 24 दिवस, त्यात 1, 8, 15 आणि 22 हे चार रविवार, बाकी वीस. पण हे दरवर्षी असं जमत नाही. रविवार चारच असतात, छोट्या मेणबत्त्या मात्र कमीजास्त होतात. 25 डिसेंबर रविवारी आला तर आगमनकाळ 28 दिवसांचा आणि छोट्या मेणबत्त्या 24. उलट 24 तारखेलाच रविवार आला तर तो जेमतेम 22 दिवसांचा आणि छोट्या मेणबत्त्या 18. ही दोन टोकं 2022 आणि 2023 या लागोपाठच्या वर्षांत येऊन गेली. वर्गातल्या कॅलेंडरवर यंदाचा आकडा काढा, मग आपल्या जन्मसालाचा काढा, असं सांगितलं की तिसरी-चौथीची मुलं वार, तारखा आणि सातचा पाढा यांच्याशी तासभर झटतात. लीप वर्ष आडवं आलं की भांडणंही होतात, तीही होऊ द्यावीत.

मोठ्या चाकाचं पुढे घरगुती पुष्पचक्र झालं, त्यावर रविवारच्या चार मेणबत्त्या तेवढ्या उरल्या. त्याच काळात जर्मन घरांत दारावर खडूने 24 रेघा ओढायची आणि मुलांनी रोज एक पुसायची अशीही पद्धत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेरहार्ड लांग या प्रकाशकाने तिचं छापील कॅलेंडर केलं. लहानपणी आईने पुठ्ठ्यावर शिवून दिलेली चोवीस बिस्किटं त्याला आठवत होती म्हणे. मग कॅलेंडरला छोटी दारं आली, दारांमागे चॉकलेट आलं. चॉकलेटबद्दल कुणाची तक्रार नाही. पण खडूच्या रेघेत उलटी मोजणी होती, ती दारामागे गेल्यावर कितपत उरली, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

कागदाच्या घडीचीही अशीच कथा. जर्मनीत नाताळच्या झाडावर कागदाच्या चार पट्ट्या एकमेकींत विणून केलेली जाडसर चांदणी लावतात. तिला फ्रोबेलची चांदणी म्हणतात. फ्रेडरिक फ्रोबेल म्हणजे किंडरगार्टनचा जनक. त्याने 1837 साली बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 साली तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. ती विशिष्ट चांदणी त्याने स्वतः केली असण्याची शक्यता कमीच, पण घड्या घालणं हा त्याच्या शिक्षणाचा पाया होता. मुलांच्या हाती देण्याच्या साधनांना तो भेटी म्हणे, आणि त्यात कागदही होता.

ही भेट मद्रासला पोचली. तिथल्या टी. सुंदर रो या गणितप्रेमी माणसाने किंडरगार्टनमधल्या घड्यांच्या पेटीवरून स्फूर्ती घेतली आणि 1893 साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. ना कंपास, ना पट्टी. कागद दुमडायचा, घडीची रेघ हीच रेषा. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन याने या पुस्तकाची दखल घेतली आणि 1901 साली अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून आणि जुन्या कागदांतून जी खेळणी घडवली, तीही याच कुळातली.

घडीची खरी परीक्षा हिमकण कापताना होते.

डिसेंबरात खूप शाळांत कागदाचे हिमकण कापून खिडकीला लावतात. घोटीव कागदाचा चौकोन घ्यायचा, एकदा दुमडायचा, दोनदा दुमडायचा, तिसऱ्यांदा तिरका दुमडायचा आणि कात्री चालवायची. उघडल्यावर छान नक्षी निघते, मुलं टाळ्या वाजवतात. फक्त त्या नक्षीच्या पाकळ्या चार किंवा आठ असतात, आणि तसा हिमकण आकाशातून पडत नाही. तो सहाचाच.

बरोबर हिमकण कापायचा तर कागद एकदा अर्धा दुमडावा. मग त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करावेत. म्हणजे घडीच्या मध्यबिंदूवर कोनमापक ठेवून 60 अंशांवर खूण करायची, एक बाजू पुढून आणि दुसरी मागून दुमडायची. शेवटी पुन्हा एकदा अर्धा. बारा थर होतात, कात्री जरा जोर मागते. 180 भागिले 3 हे फळ्यावरचं गणित इथे हाताला येतं, आणि खूण 65 वर पडली तर उघडल्यावर एक पाकळी लंगडी निघते. कोनमापक हे कंपासपेटीतलं सगळ्यात दुर्लक्षित साधन. त्याला वर्षातून एकदा तरी असं मानाचं काम मिळावं.

सहाच का, हा प्रश्न योहान केप्लरलाही पडला होता. ग्रहांच्या कक्षांचे नियम शोधणारा तोच केप्लर. प्रागच्या पुलावरून जाताना त्याच्या कोटावर हिमकण पडले. आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट काय द्यावी या विवंचनेत तो होता, खिशात फारसं काही नव्हतं. 1611 साली त्याने त्या हिमकणांवर एक छोटी पुस्तिका लिहून भेट दिली. लॅटिनमध्ये निक्स म्हणजे बर्फ, जर्मनमध्ये जवळपास तसाच शब्द ‘काहीच नाही’ या अर्थाचा. म्हणजे ‘काहीच नाही’ची भेट, असा त्याचा कोटीबाज सूर. डाळिंबाचे दाणे, मधमाशीचं पोळं, तोफगोळ्यांची रास असं करत तो सहाच्या भोवती फिरला, पण उत्तरापर्यंत पोचला नाही. पोचणार कसा? पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात म्हणून हिमकण षटकोनी, हे कळायला रेणूंचं विज्ञान यावं लागलं. मात्र जाता जाता त्याने म्हणून ठेवलं की सारखे गोल कमीत कमी जागेत रचायची सगळ्यात दाट पद्धत तीच, जी फळवाला संत्र्यांचा मनोरा रचताना वापरतो. याची सिद्धता अमेरिकी गणिती थॉमस हेल्स याने 1998 साली दिली. जवळजवळ चारशे वर्षं लागली, आणि मंडईतला फळवाला मात्र रोज सकाळी रचतोच आहे.

हिमकण प्रत्यक्ष पाहायचे कसे, हे एका शेतकऱ्याने दाखवलं. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात जेरिको गावचा विल्सन बेंटली. आई पूर्वी शिक्षिका, तिनेच त्याला घरी शिकवलं आणि तिच्याचकडून त्याला पंधराव्या वर्षी सूक्ष्मदर्शक मिळाला. सुरुवातीला तो हिमकणांची चित्रं काढायचा, पण चित्र पुरं होण्याआधी कण वितळायचा. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने 15 जानेवारी 1885 रोजी एका हिमकणाचं छायाचित्र मिळवलं. तो काळ्या फळीवर कण झेलायचा, बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरायचा, कारण उच्छ्वासाच्या उबेनेही खेळ खलास. अशी पाच हजारांवर छायाचित्रं त्याने काढली. 1931 साली त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी 23 डिसेंबरला न्यूमोनियाने तो गेला.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, म्हणून आपल्या वर्गांत नाताळच्या झाडावर कापूस चिकटवतात. दिसायला बरं दिसतं, पण बर्फाबद्दल त्यातून काही कळत नाही. आपल्या थंडीला कापसाची गरज नाही, तिचं स्वतःचं बरंच काही आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या पहाटे दवबिंदू गोठतात आणि गवतावर पांढरी साय धरते, त्याचे फोटो दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. निफाडचा पारा तळाला गेला की द्राक्षबागायतदार रात्री बागांत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. वर्गाच्या व्हरांड्यात भिंतीला एक साधा तापमापक टांगावा आणि सकाळची शाळा भरताना रोज एका मुलाने आकडा वहीत लिहावा. महिन्याने आलेख काढायचा आणि शेजारी वर्तमानपत्रातला निफाडचा आकडा ठेवायचा. तापमापक उन्हात टांगला तर काय होतं, हे कुणीतरी चुकून करून दाखवेलच.

हिवाळी सुट्टीतलं शिकणं म्हटलं की एक नाव टाळून पुढे जाता येत नाही. मायकेल फॅरडे.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने 1825 साली नाताळच्या सुट्टीत लहान मुलांसाठी विज्ञान व्याख्यानं सुरू केली. शाळांत विज्ञान शिकवलं जाण्याचा तो काळ नव्हता. फॅरडे लोहाराचा मुलगा, जुजबी शाळा शिकलेला, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता विज्ञानाची गोडी लागली. 1812 साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतःच्या हाताने बांधून डेव्हीलाच पाठवली आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेत नोकरीला लागला. असा माणूस मुलांसमोर उभा राहिला. 1827 ते 1860 या काळात त्याने नाताळच्या व्याख्यानांच्या 19 माला दिल्या. त्यातली सर्वांत गाजली ती मेणबत्तीवरची. सहा व्याख्यानं, विषय एकच, समोर जळणारी मेणबत्ती. ही माला त्याने दोनदा दिली, 1848 आणि 1860 साली. दुसरी विल्यम क्रुक्सने संपादित करून 1861 साली पुस्तकरूपात आणली.

फॅरडेची खुबी अशी की तो सुरुवात सिद्धान्ताने करत नाही. आधी मेणबत्त्याच दाखवतो. चरबीच्या, मेणाच्या, जपानहून आलेल्या. एक तर रॉयल जॉर्ज या 1782 साली बुडालेल्या युद्धनौकेवरची. अनेक वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेली, तरी पेटवली की जळते. मुलांचे डोळे तिथेच विस्फारले असणार. मग तो विचारतो: मेण तर घट्ट आहे आणि ज्योत वर आहे, मग मेण वर जातं कसं? वितळलेलं मेण वातीच्या धाग्यांमधून चढतं. हे आपल्या मुलांना समजवायला मेणबत्तीचीही गरज नाही, देवघरातल्या समईची किंवा दिवाळीतल्या पणतीची वात तेलाला तशीच वर ओढते.

त्याचा एक प्रयोग तर जादूच. मेणबत्ती फुंकून विझवली की वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. पेटती काडी वातीला न लावता त्या धुराच्या रेघेत, वातीपासून दोन-तीन बोटं वर धरायची. ज्योत रेघेवरून सरकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे तो धूर साधा धूर नव्हेच, मेणाची वाफ आहे, आणि जळते ती वाफच. प्रयोग बाईंनी किंवा सरांनी स्वतः करावा, पंखे बंद, दारं लोटलेली आणि शेजारी पाण्याची बादली. वाऱ्याने धुराची रेघ तुटली तर प्रयोग फसतो. पहिल्या खेपेला तो बहुधा फसतोच.

दुसरा प्रयोग त्याहून खोल. ज्योतीवर बर्फाने भरलेलं भांडं धरलं की त्याच्या बुडाला पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी! मेणातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणी होतं. मात्र मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकाने एक गोष्ट विसरू नये. तिथे बर्फाचं पातेलं नुसतं टेबलावर ठेवलं तरी बाहेरून घाम फुटतो. मग ज्योतीतलं पाणी कुठलं आणि हवेतलं कुठलं? म्हणून दोन सारखी पातेली घ्यायची, एक ज्योतीवर, दुसरं ज्योतीपासून दूर, आणि दोघांच्या बुडाची तुलना करायची. चांगला वर्ग असेल तर ही शंका एखादी मुलगीच काढते. त्या दिवशी तास पुरा झाला असं समजावं, पुस्तकातलं पान उलटलं नाही तरी चालेल.

फॅरडेच्या या पुस्तकाची मुळं किती लांब गेली, याचा एक दाखला. लिथियम आयन बॅटरीसाठी 2019 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे जपानी शास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी सांगितलं आहे की चौथीत असताना शिक्षिकेच्या सांगण्यावरून त्यांनी मेणबत्तीचं ते पुस्तक वाचलं आणि रसायनशास्त्राची ओढ तिथून लागली. लंडनची व्याख्यानं दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर आजवर चालू आहेत आणि 1966 पासून ती दूरचित्रवाणीवरही दिसतात. पुण्यात आयुकाने शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मराठी मुलांनाही मोठ्या शास्त्रज्ञांसमोर बसून प्रश्न विचारायची सोय झाली. तिला नाताळची वाट बघावी लागत नाही.

पक्ष्यांचंही थोडक्यात सांगायला हवं. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन गट करून शिकारीला जायचं आणि ज्याने जास्त पक्षी-प्राणी मारले तो जिंकला, अशी एक चाल होती. पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन याने 1900 साली सुचवलं की मारण्याऐवजी मोजू या. त्या 25 डिसेंबरला 27 जणांनी 25 ठिकाणी मोजणी केली. ती अजून दरवर्षी होते. आपल्याकडे तर हिवाळा हाच पाहुण्या पक्ष्यांचा मोसम. ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचे थवे, पाणथळीला शेपूट हलवणारे धोबी, ठाण्याच्या खाडीत रोहित. शाळेच्या मैदानात पंधरा मिनिटं गप्प उभं राहून मोजायचं आणि आकडे वहीत टिपायचे. गप्प राहणं हाच यातला अवघड भाग.

शेवटचा उपक्रम फुकटचा आहे आणि त्याला कागदही लागत नाही. नाताळच्या आधी तीन-चार दिवस सूर्य सर्वांत दक्षिणेला जातो. या दिवशी दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो, त्यामुळे एक मीटरच्या उभ्या काठीची सावली सुमारे 90 सेंटिमीटर पडते. त्याच दिवशी नीस्कीत, जिथे मुलांनी तो कागदी तारा केला, सूर्य जेमतेम 15 अंश वर येतो आणि तेवढ्याच काठीची सावली साडेतीन मीटरहून लांब जाते. पुण्याच्या वर्गाने मैदानात दोन्ही सावल्या खडूने शेजारी शेजारी आखाव्यात, म्हणजे आपली मोजलेली आणि नीस्कीची हिशेबाने काढलेली. मग त्या मुलांना वसतिगृहात एवढा मोठा दिवा का टांगावासा वाटला, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काठी ओळंब्याला धरून सरळ उभी करा. पुण्यात 22 डिसेंबरला सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, साडेबारा वाजून दोन-तीन मिनिटांनी. मधली सुट्टी त्या दिवशी थोडी पुढे ढकला.